शर्यतीचा कार्बोरेटर, तांड्याचा रस्ता

मित्रांनो, मी जुना आहे, आणि ज्यांनी मला घडवलं त्यांनी मला हळू चालायला शिकवलंच नव्हतं.

मी कार्बोरेटर. जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाला चिकटून एक मुठीएवढा धातूचा डबा बसवलेला असतो, तो मी. आजच्या नव्या गाड्यांत आमची जात दिसत नाही. पण तुमच्या आजोबांच्या गाडीत आमचाच कुणी भाऊबंद नक्की बसलेला होता. टाकीतलं पेट्रोल थेंबाथेंबाने माझ्या पोटातल्या वाटीत उतरतं. तोंडातून हवा आत येते. दोन्ही योग्य मापात कालवून इंजिनाला घास भरवायचा, एवढंच माझं काम. घास फार ओला झाला तर इंजिन गुदमरतं, कोरडा झाला तर तापतं. मालकाने हँडलची मूठ पिळली की माझ्या आतला एक पितळी तुकडा वर सरकतो आणि माझं तोंड उघडतं. मूठ सोडली की तो खाली येतो.

माझा एक जुळा भाऊ आहे. गाडीला सिलिंडर दोन, म्हणून आम्ही दोघे. मी डावा, तो उजवा. इटली देशातल्या एका लहानशा कारखान्यात आम्हांला एका हलक्या, चंदेरी धातूतून ओतलं गेलं. आमच्यासारख्या जोड्या फार थोड्या निघाल्या, कारण आम्ही बाजारासाठी नव्हतोच. आम्ही शर्यतीसाठी होतो. आमची तोंडं मोठी ठेवली होती, म्हणजे भरपूर हवा घेता यावी. तोंडाला जाळी नाही, गाळणी नाही. मूठ पूर्ण सोडली की इंजिन बंद पडायचं, पण शर्यतीत मूठ पूर्ण सोडतो कोण?

या हातातून त्या हातात जात आम्ही दक्षिणेत कोइम्बतूरला पोचलो, शर्यतीच्या गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये. तिथे आमचा सांभाळ हरिचंद करायचा. हरिचंद हिंगोली जिल्ह्यातला, वारंगा फाट्याजवळच्या एका तांड्यावरचा. तरुणपणी ट्रकवर क्लीनर म्हणून घर सोडून निघाला आणि फिरत फिरत त्या वर्कशॉपात येऊन टेकला. शर्यतीच्या आदल्या दिवशी तो आम्हांला उघडायचा, मऊ फडक्याने पुसायचा, एकेका छिद्रातून फुंकर मारून पाहायचा. शर्यत सुरू झाली की तो कठड्याला टेकून डोळे मिटून उभा राहायचा. लोक गाडी बघायचे, हा आम्हांला ऐकायचा. आम्ही जिंकलो की चालकाच्या गळ्यात हार पडायचा, आणि हरिचंद आमच्या गरम पाठीवर हात ठेवायचा. मला तेवढं पुरत असे.

मग दिवस पालटले. नव्या गाड्या आल्या, त्यांना आमची गरज नव्हती. आम्ही एका खणात गेलो. खण कधी उघडायचा तो स्क्रू किंवा वॉशर शोधण्यासाठी. आमच्याकडे कुणी बघत नसे. भावाच्या अंगावर पांढरी भुकटी धरू लागली. आमच्या धातूला ओल सोसत नाही, आणि त्याच्या बाजूला भिंत पाझरत होती.

हरिचंद म्हातारपणाकडे झुकला आणि घरी जायला निघाला, तेव्हा वर्कशॉपच्या मालकाने त्याला विचारलं, "जाताना काय देऊ?" त्याने आमचा खण उघडला. वर्कशॉपात पडून असलेली एक जुनी दोन सिलिंडरची मोटारसायकल त्याने आधीच सुट्या भागांतून जुळवून ठेवली होती. ती ट्रकमध्ये चढवली, आम्हांला लुंगीत गुंडाळलं, आणि आम्ही मराठवाड्यात आलो.

तांड्यावर त्याची बायको रूपाबाई होती. हरिचंद वर्षातून एकदोनदा सणाला यायचा तेवढाच. बाकीची सगळी वर्षं शेत, घर आणि लेक शिला हे सारं तिनेच पाहिलं होतं. शिलाचं लग्न होऊन ती कनेरगाव नाक्याकडे सासरी गेलेली. घरात आता दोघंच. ती दोघं आपसांत गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत बोलत. मी तुम्हांला ते इकडच्या मराठीत सांगतो, आणि सांगायला फारसं नाही, कारण ती बोलतच कमी. तो सकाळी उठून अंगणात गाडीपाशी बसे, ती शेताला जाई. संध्याकाळी भाकरी खाताना तो म्हणे, "पाऊस येईल वाटते." ती म्हणे, "व्हय." एवढ्या वर्षांनी एकमेकांशी काय बोलायचं हे दोघांनाही सुचत नव्हतं.

हरिचंदने आम्हांला त्या गाडीवर बसवलं. पहिल्याच दिवशी मोठ्या रस्त्यावर मूठ पिळली आणि आम्ही असे गर्जलो, की ढाब्यावरची माणसं जेवता जेवता उठून बाहेर आली. पण मित्रांनो, तो आनंद थोडाच टिकला. रस्ता म्हणजे काही शर्यतीचं मैदान नव्हे. इथे शेळ्यांचा कळप आला की थांबायचं. हळदीची ट्रॉली पुढे असली की तिच्या मागे मागे बैलाच्या चालीने जायचं. गावात शिरलं की गतिरोधक, शाळेपाशी पुन्हा गतिरोधक. आणि हळू चालायची वेळ आली की आम्ही फसायचो. इंजिनाला लागे चिमूटभर, आम्ही ओतायचो ओंजळभर. प्लग काळे, ओले होऊन जात. धूर निघे. गाडी घुर्र करून बंद पडे.

हरिचंदने पुष्कळ उपाय केले. धूळ आत जाऊ नये म्हणून आमच्या तोंडाला स्पंजच्या गाळण्या बसवल्या. इंजिनाच्या थरथरीने वाटीतल्या पेट्रोलला फेस येई, म्हणून मध्ये रबरी तुकडे घातले. पेट्रोल मोजून सोडणारी पितळी छिद्रं असतात, त्यांना जेट म्हणतात. नांदेडहून लहान जेट आणून त्याने बदलले. मूठ सोडल्यावर आम्ही पूर्ण मिटू नये म्हणून तारेचा ताण जरा वाढवला. गाडी सुधारली खरी. पण एक खोड राहिली. मूठ सोडून पुन्हा हलकेच पिळली की आम्ही आधी गिळायचो, म्हणजे इंजिन क्षणभर दबायचं, मग एकदम उसळायचो. मोकळ्या रस्त्यावर ते जाणवत नसे. हरिचंद नेहमी एकटाच तपासायला निघायचा, आणि मोकळ्या रस्त्यावरच.

एका बाजाराच्या दिवशी रूपाबाईला बाळापूरला सीताफळं विकायला जायचं होतं. हरिचंद म्हणाला, "चल, सोडतो." ती पिशवी मांडीवर घेऊन मागे बसली. बाळापूरला जायचं तर वारंगा फाट्यावर मोठा रस्ता ओलांडावा लागतो. हरिचंद कडेला थांबला. दोन्हीकडे पाहिलं. मोकळं दिसताच त्याने मूठ पिळली, आणि आम्ही गिळलं. गाडी रस्त्याच्या मधोमध घुर्र करून बंद पडली.

नांदेडकडून ट्रक येत होता. ब्रेकचा आवाज झाला, रबर जळल्याचा वास आला. ट्रक हातभर अंतरावर थांबला. रूपाबाईने उडी मारली, पिशवी पडली, सीताफळं डांबरावर घरंगळत गेली. आणि हरिचंद खाली वाकला. त्याचा चेहरा आमच्या अगदी समोर आला. कपाळाला घाम होता, तो कान लावून बघत होता, पेट्रोल कुठे अडलं ते.

रूपाबाईने एकेक सीताफळ वेचलं. फुटलेली बाजूला टाकली. पिशवी उचलून पायी रस्ता ओलांडला आणि समोर उभ्या असलेल्या भाड्याच्या जीपमध्ये जाऊन बसली. ती ओरडली नाही, रडली नाही. त्या दिवसापासून मात्र ती आमच्या गाडीवर बसली नाही. बाजाराला जीपने, दवाखान्याला जीपने. कधी दोघांना एकाच लग्नाला जायचं असलं, तरी ती जीपमध्ये आणि हा मागून गाडीवर. फाट्यावर वैजनाथचं चहाचं हॉटेल आहे. तो एकदा म्हणाला, "हरिचंद, बायकोला सोडून गाडी फिरवून राहिला का बे?" हरिचंद हसला, पण त्या दिवशी त्याने चहा अर्धाच प्याला.

काही महिन्यांनी पुण्याहून हरीश नावाचा एक माणूस मोटारीने तांड्यावर आला. जुन्या शर्यतीच्या वस्तू जमवायचा त्याला छंद होता. कोइम्बतूरच्या वर्कशॉपात त्याला आमचा पत्ता लागला होता. तो अंगणात आमच्यापुढे मांडी घालून बसला. भिंगातून त्याने आमच्यावरचे आकडे वाचले, आणि भावाच्या अंगावरची पांढरी भुकटी बोटाने पुसून बराच वेळ बघत राहिला.

"हरिचंदकाका, हे वाया चाललेत," तो म्हणाला. "आताच्या पेट्रोलमध्ये उसाचं इथेनॉल मिसळलेलं असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. हा धातू त्यापुढे टिकणार नाही. उजवा तर आताच पोखरलाय."

"आमाला ठावं हाये," हरिचंद म्हणाला.

"माझ्याकडे द्या. काचेच्या कपाटात ठेवीन, कोरडे, तेल लावून. पुढची शंभर वर्षं काही होणार नाही. त्याच्या बदल्यात तुम्हांला नवी कोरी स्कूटर देतो. बटण दाबलं की चालू होते. काकूंनासुद्धा मागे बसायला बरी." मग त्याने जरा दबत्या आवाजात सांगितलं, "एकच विनंती. आतल्या पितळी तुकड्याला कानस लावू नका. पुष्कळ लोक रस्त्यावर नीट चालावं म्हणून त्याची कड घासतात. एकदा घासली की ती जोडी जशी घडली तशी राहत नाही. मग ती माझ्या उपयोगाची नाही."

हरीश लबाड माणूस नव्हता. तो जे बोलला ते खरं होतं, आणि आम्हांला हातात घेताना त्याचे हात जपून चालत होते. हरिचंद म्हणाला, "पुढच्या आठवड्यात या. काढून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हांला गाडीवरून उतरवलं. पूर्वीसारखं मऊ फडक्याने पुसलं, छिद्रांतून फुंकर मारली, आणि धुतलेल्या लुंगीत गुंडाळून ओट्यावर ठेवलं. रूपाबाई शेतातून आली. डोक्यावरचा चाऱ्याचा भारा खाली टाकून तिने विचारलं, "हे काहून काढलं?"

"तुझ्यासाठी स्कूटर येऊन राहिली. पुण्याचा माणूस देतो म्हणला. धक्का न्हाई, आवाज न्हाई. आरामात बसशील."

रूपाबाई ओट्याच्या कडेला बसली. तांब्यातलं पाणी प्याली.

"मला स्कूटर पायजे म्हणून तुमाला कोण सांगितलं?"

"तू गाडीवर बसत न्हाईस. भेव बसलं तुला. मला समजते."

"ट्रकचं भेव न्हाई बसलं," ती म्हणाली. "ट्रक थांबला. त्यो ड्रायव्हर खाली उतरून मला म्हणला, मावशी, लागलं का? त्यानं इचारलं. तुमी न्हाई इचारलं. तुमी खाली वाकले अन् ह्याला कान लावला."

तिने आमच्या गाठोड्याकडे बोट केलं. शेजारच्या अंगणात कोणी तरी शेळीला हाक मारत होतं, ती हाक दोनतीनदा ऐकू आली.

"सवय लागली मला," हरिचंद शेवटी म्हणाला. "तिकडं गाडी बंद पडली की आधी इंजिन बघायचं, अशीच सवय लागली."

"तिकडं मागं कोणी बसत नव्हतं," रूपाबाई म्हणाली.

मग ती उठून चूल पेटवायला गेली. हरिचंद बराच वेळ आमच्याजवळ बसून होता. गाठोड्यावर त्याचा हात होता, पण तो आमच्याकडे पाहत नव्हता. तो चुलीकडे पाहत होता.

सकाळी त्याने आम्हांला पुन्हा गाडीवर बसवलं. रूपाबाई विळा घेऊन निघाली होती, तिला तो म्हणाला, "जरा थांब. मला एक इचारायचं हाये. त्या दिवशी बंद पडायच्या आधी तुला मागं बसून काय वाटलं?"

ती हसली. लग्नानंतर त्याने तिला असं काही पहिल्यांदाच विचारलं असावं.

"मला काय समजते त्यातलं?"

"तुला जे वाटलं ते सांग."

रूपाबाईने विचार केला. "तुमी मूठ सोडली की गाडी मला पुढं ढकलते. पुन्हा पिळली की आधी खाली बसल्यासारखी होते. गचका बसायच्या आधी मांडीला कळते. त्या दिवशी तांड्यापासून फाट्यापर्यंत दर येळी तसं झालं. तुमी हँडल धरून राहता, तुमाला कळत नसंल."

"चल," हरिचंद म्हणाला. "शेताच्या रस्त्यानंच जाऊ. मोठ्या रस्त्याला न्हाई नेत."

ती कडेला विळा ठेवून मागे बसली. शेताच्या चाकोरीतून आम्ही निघालो, दोन्हीकडे हळद उभी होती. हरिचंद मूठ सोडायचा, पिळायचा, आणि ती मागून सांगायची: "आता. हं, आता पुन्हा. हे थोडं कमी झालं." बांधाशी पोचलं की तो उतरून आमच्यातली पेट्रोलचं माप ठरवणारी सुई एक खाच खाली करायचा, मग परत फेरी. असं रोज सकाळी चालू झालं. शेताला जायच्या आधीचा तेवढा वेळ त्यांनी आम्हांला दिला.

आम्हां दोघांची तोंडं एकाच वेळी उघडावी लागतात. एकाने आधी घास घेतला तर इंजिन लंगडतं. ते पाहायला हरिचंद आमच्या दोघांच्या तोंडांत एकेक बोट घालून बसायचा आणि रूपाबाईला मूठ पिळायला सांगायचा. तिने आयुष्यभर घागऱ्यावर बारीक आरसे टाचले होते. तिचा हात इतका सावकाश फिरायचा, की आतला पितळी तुकडा केसभर हलला तरी त्याच्या बोटाला कळायचं.

"याहून हळू," तो म्हणे.

"याहून हळू गोगलगाय बी जात न्हाई," ती म्हणे. आणि दोघं हसत. त्या अंगणात ते हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

बोलता बोलता दुसरंही निघू लागलं. शिला लहान असताना तापाने फणफणली होती तेव्हा रूपाबाईने तिला कसं पाठीवर बांधून फाट्यापर्यंत नेलं, ते हरिचंदला तेव्हाच कळलं. तो म्हणाला, "मला कळवलं न्हाईस." ती म्हणाली, "कळवून तुमी तिथून काय करणार होते?" त्याने मान हलवली. आणि मग हळूहळू त्याने तिला कोइम्बतूरचं सांगितलं. खोलीत सहा माणसं कशी झोपत, दिवाळीला सुट्टी मिळाली नाही की सगळे मिळून कशी ज्वारीची भाकर थापायचा प्रयत्न करत, आणि ती कशी दर वेळी मोडायची.

सुईच्या खाचा संपल्या. गचका पुष्कळ कमी झाला होता, पण गेला नव्हता. हरिचंदला आता पक्कं कळलं, की चूक कडेत आहे. आतल्या पितळी तुकड्याची कड थोडी घासली तर हळू चालताना हवा जास्त येईल आणि आम्ही गिळणार नाही. त्याने माझा तुकडा काढून हातात घेतला. कानस जवळ ठेवली. आणि थांबला.

"काय झालं?" रूपाबाईने विचारलं.

"एकदा घासलं की पयल्यासारखं होत न्हाई. त्या पोराला मी काढून ठेवतो म्हणलं होतं."

"ठिवायचं असलं तर ठिवा," ती शांतपणे म्हणाली. "मी रुसणार न्हाई. जीपनं जाईन, जाते तशी. तुमची वस्तू हाये."

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला कपाटाची भीती वाटत नव्हती. काचेमागे मी चकचकीत राहिलो असतो, लोकांनी वाकून पाहिलं असतं, आणि भावाचं पोखरणं थांबलं असतं. ते काही वाईट जिणं नव्हे. पण गेल्या काही सकाळी मला कुणीतरी ऐकत होतं. आधी फक्त एक जण ऐकायचा, आता दोघं ऐकत होती. ते सोडून जावंसं वाटेना. अर्थात मला कोण विचारणार? निर्णय माझ्या हातात नव्हता.

हरिचंदने कानस उचलली. फार हलके, एकाच दिशेने त्याने ती फिरवली. वर्तमानपत्रावर पिवळा बारीक भुगा पडला. दुखलं नाही. जरा मोकळं वाटलं, एवढंच. मग भावाची पाळी आली. तो आतून नाजूक झालेला, म्हणून त्याला घासताना हरिचंदने श्वास धरला होता.

त्याच दिवशी आम्ही वारंगा फाट्यावर गेलो. रूपाबाई मागे होती. रस्त्याच्या कडेला हरिचंद थांबला आणि मान मागे वळवून म्हणाला, "जाऊ?"

तिने दोन्हीकडे पाहिलं. "तो टँकर जाऊ द्या. हं, आता."

त्याने मूठ पिळली. आम्ही गिळलं नाही, उसळलो नाही. कुणी हात धरून पलीकडे न्यावं तशी गाडी रस्ता ओलांडून गेली. वैजनाथच्या हॉटेलवर दोघांनी चहा घेतला, आणि वैजनाथ त्या दिवशी काही बोलला नाही.

हरीश ठरल्याप्रमाणे आला. हरिचंदने त्याला काही लपवलं नाही. पितळी तुकडा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. हरीशने घासलेली कड पाहिली. त्याचा चेहरा उतरला, आणि मला त्याचं वाईट वाटलं.

"मी तुमाला दिलेला शब्द मोडला," हरिचंद म्हणाला. "तकलीफ दिली तुमाला. एवढ्या लांबून आले."

"काय कमी पडत होतं?" हरीशने विचारलं.

उत्तर रूपाबाईने दिलं. "मागं बसून बघा."

हरीश मागे बसला. हरिचंदने त्याला चाकोरीतून हळू हळू नेलं, एका म्हातारीच्या शेळ्यांमागून. परत आल्यावर हरीश खाली उतरला आणि काही वेळ नुसता ऐकत उभा राहिला. आम्ही थांबल्या जागी एका लयीत चालत होतो. "मी ह्यांना आजवर चालू कधी ऐकलंच नव्हतं," तो म्हणाला. "सगळे बंदच पाहिलेत." जाताना त्याने मोटारीतून रबरी वॉशरांची एक पुडी काढून दिली, नव्या पेट्रोलला टिकतील अशी. आणि उजव्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा फार वर्षं जाणार नाही, काका." हरिचंद म्हणाला, "जाईल तोवर जाऊ."

मित्रांनो, माझी शेवटची हकिकत सांगायच्या आधी तुमच्याकडे एक मागणं मागून घेतो. घरात एखादी जुनी वस्तू चालत असेल, तर तिला चालू ठेवा. रोज थोडं पुसा, ओल लागू देऊ नका. रात्रभर आमच्या वाटीत पेट्रोल तसंच ठेवू नका, संध्याकाळी पेट्रोलचा कॉक बंद करा. ती अडखळली तर तिच्यावर रागावण्याआधी पाहा, की तिला जे काम दिलंय त्यासाठी ती घडलेली आहे का. नसेल, तर तिला थोडी बदलू द्या. आणि तपासताना एकट्याने तपासू नका. तिच्यावर आणखी कोण बसतं, त्याला विचारा. वस्तू जुन्या झाल्या तरी नवं शिकतात. माणसंही शिकतात, हे मी पाहिलं आहे.

आता शेवटची हकिकत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला शिला हिंगोलीच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. बाळ अशक्त होतं म्हणून त्यांना काही दिवस ठेवून घेतलं. रूपाबाई तिच्या खाटेशेजारी फरशीवर चटई टाकून राहिली. बाळ दूध पिऊ लागलं, कनेरगावहून शिलाची सासू सोबतीला आली, तेव्हा हरिचंद रूपाबाईला न्यायला गेला. आम्ही दवाखान्याच्या फाटकापाशी कडुलिंबाखाली उभे होतो. शिला बाळाला घेऊन खिडकीशी आली.

"याडी, जीपनं जा. गाडीवर ऊन लागंल." आईला ती याडी म्हणते.

"जीप भरल्याबिगर सुटत न्हाई," रूपाबाई म्हणाली. "मी बसते मागं."

सकाळचा पहिला पहर होता. हिंगोली सोडल्यावर ती बाळाविषयी बोलत राहिली. बाळाची बोटं कुणासारखी, नाक कुणासारखं, नाव काय ठेवायचं. कळमनुरी मागे पडली आणि तिचं बोलणं विरळ झालं. मग थांबलं. तिचं कपाळ हरिचंदच्या पाठीला टेकलं.

"झोपलीस का?" त्याने विचारलं.

उत्तर आलं नाही. गाडीवर झोपणं बरं नव्हे, हे मलाही कळतं, आणि त्यालाही कळत होतं. तिला उठवावं असं त्याच्या मनात आलं असावं, कारण त्याने मान थोडी वळवली. पण किती तरी रात्री ती फरशीवर जागी होती. त्याने तिला उठवलं नाही. तिचे दोन्ही हात पुढे ओढून आपल्या पोटाशी घेतले आणि डाव्या हाताने घट्ट धरून ठेवले.

डावा हात अडकला, म्हणजे आता क्लच नाही. गिअर बदलणं नाही. एका हाताने जेवढी मूठ पिळता येईल तेवढाच आमचा आधार. एकही गचका बसला असता तर ती जागी झाली असती, कदाचित पडलीही असती. मी आणि माझा भाऊ चिमूट चिमूट घास भरवत राहिलो. समोर ट्रॅक्टर आला, हरिचंदने मूठ सोडली. आम्ही थांबलो नाही. त्याने पुन्हा पिळली. आम्ही गिळलं नाही. मागून एसटी आली आणि पुढे निघून गेली. मग एक स्कूटर, मग सायकलवरचा एक म्हातारा आमच्या बरोबरीने थोडा वेळ चालला, त्याने मागे झोपलेल्या बाईकडे पाहिलं आणि वळणावर निघून गेला. उजव्या भावाच्या अंगातून मला बारीक थरथर जाणवत होती. तो जुना झाला होता, पण त्याने एक थेंबही चुकवला नाही.

असे आम्ही तांड्यावर पोचलो. मी शर्यतीत कधी इतका दमलो नव्हतो. हरिचंदने अंगणात येऊन अंगठ्याने बटण दाबलं आणि इंजिन बंद केलं.

त्या शांततेने रूपाबाई जागी झाली. डोळे न उघडताच तिने विचारलं, "काहून बंद पडली?"

"बंद न्हाई पडली," हरिचंद म्हणाला. तिचे हात अजून त्याच्या हातात होते. "घर आलं."